चुडा दीव बंदरचा

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, उना गावापासून जेमतेम पंधरा किलोमीटर अंतरावर, जमीन आणि समुद्र यांच्यामध्ये एक उथळ खाडी आडवी पडलेली आहे. तिच्या पलीकडे सुमारे बारा किलोमीटर लांबीचे आणि दोन-तीन किलोमीटर रुंदीचे एक बेट आहे. ‘द्वीप’ या संस्कृत शब्दाचेच रूप घासून घासून त्याचे ‘दीव’ झाले. आज गुजरातमधून या बेटावर जाताना एक तपासणी नाका ओलांडावा लागतो, एवढेच. परंतु डिसेंबर 1961 पर्यंत येथे दोन देशांची सरहद्द होती. अलीकडे भारत, पलीकडे पोर्तुगाल. ज्यांचे नातेवाईक पलीकडे राहिले होते अशा उना-देलवाड्याच्या वृद्धांना ती सरहद्द अजून आठवते.

मागील पौष महिन्यात ही सरहद्द एका मोटारसायकलीने ओलांडली. चालवणारी होती सव्वीस वर्षांची नात आणि मागे बसलेले होते तिचे त्र्याहत्तर वर्षांचे आजोबा. नात राजकोटच्या एका कारखान्यात अभियंता आहे. आजोबा पुण्याचे, आयुष्यभर पेढीवर बसलेले, रोजचे सामायिक-प्रतिक्रमण न चुकणारे. अशा गृहस्थांनी हेल्मेट घालून नातीच्या पाठीमागे बसावे, ही गोष्ट त्यांच्या सोसायटीत अद्याप पूर्णपणे कोणाला खरी वाटलेली नाही.

या प्रवासाचे कारण हौस नव्हते. कारण होते एक चुडा.

कुटुंबाचा मूळ पुरुष उन्याकडचा. पुण्यास येऊन आता पाच पिढ्या झाल्या. घरात गुजरातीपेक्षा मराठीच अधिक बोलली जाते. तथापि एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असे, ती ही की आजोबांच्या खापरपणजोबांना गावात ‘मोझंबीकवाले शेठ’ म्हणत. त्यांच्या घरातून चालत आलेला हस्तिदंती चुडा सासूकडून सुनेकडे जात जात आजोबांच्या पत्नीकडे आला होता. पिवळसर पडलेला, कडेला तांबड्या रंगाची रेघ असलेला, आठ बांगड्यांचा. दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी सांगून ठेवले होते, की नातीच्या लग्नात हा चुडा तिच्या हातात असावा.

लग्न वैशाखात ठरले. चुड्याची गोष्ट निघाली तेव्हा नात शांतपणे म्हणाली, “आजोबा, हत्तीच्या दाताच्या बांगड्या मी हातात घालणार नाही. आजीची क्षमा मागते, पण घालणार नाही.” घरात काही दिवस अबोला राहिला. आजोबांना राग आला नाही, वाईट वाटले. पत्नीची अखेरची इच्छा आणि नातीचा नकार यांच्यामध्ये त्यांना बसायला जागा उरली नाही. तेव्हा नातीनेच सुचवले, “तुम्ही इतकी वर्षे अजाहराच्या यात्रेला जायचे म्हणता आहात. मी राजकोटहून गाडी घेऊन येते. दीव तिथून जवळच आहे. हा चुडा जिथून आला ते गाव आपण दोघे पाहून येऊ.”

आजोबा आगगाडीने वेरावळला उतरले. प्रभासपाटणच्या चंद्रप्रभू भगवंतांच्या भव्य देरासरात पूजा झाली, नवकारशीचा समय झाल्यावर दूध-खाखरा झाला, आणि मग मोटारसायकल पूर्वेकडे निघाली. उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, पूजेची वस्त्रे आणि औषधांची डबी एवढेच सामान. नातीने आजोबांना दोन सूचना केल्या: वळणावर माझ्याबरोबर झुका, उलट बाजूला झुकू नका, आणि काही सांगायचे असेल तर खांद्यावर दोनदा थोपटा. आजोबांनीही एक अट घातली. सूर्य मावळण्यापूर्वी अजाहराला परत यायचे. चौविहार चुकता कामा नये आणि अंधारात दिव्यावर येणारे जीव चाकाखाली मरता कामा नयेत.

हा रस्ता इतिहासाच्या दृष्टीने मोठा गमतीचा आहे. ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या या पट्ट्यात एके काळी तीन सत्ता होत्या. प्रभासपाटण जुनागढच्या नबाबाचे. पुढे कोडिनार लागते ते बडोद्याच्या गायकवाडांचे. त्यापुढे उना पुन्हा जुनागढचे. आणि शेवटी दीव पोर्तुगालच्या राजाचे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीने निघालेल्या वाण्याला एका प्रवासात तीन राज्यांच्या नाक्यांना तोंड द्यावे लागे. कोडिनारमध्ये गायकवाडांचे नाव निघताच आजोबांच्या मनात पुणे-बडोदे नाते जागे झाले आणि त्यांनी नातीच्या खांद्यावर दोनदा थोपटले. तिने घाबरून गाडी थांबवली. “काही नाही गं,” ते म्हणाले, “हे आपल्या सयाजीरावांचे गाव होते, एवढेच सांगायचे होते.”

नारळाची झाडे, उसाची शेते, मधूनमधून मिठागरासारखी पांढुरकी जमीन आणि उजव्या हाताला न दिसणारा पण वाऱ्यातून जाणवणारा समुद्र. रस्ता आता रुंद झाला आहे आणि अवजड वाहने वेगाने जातात. दुचाकीस्वाराने डावी कड धरूनच जावे. डावीकडे, आत, गीरचे जंगल आहे. त्याच्या कडेला तालाल्याजवळ जांबूर नावाचे गाव आहे, जेथे आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांची मातृभाषा गुजराती, पेहराव गुजराती आणि चेहरे आफ्रिकेचे. हे लोक येथे कसे आले हा प्रश्न वाटेतच मनात आला, तर दीवमध्ये पोहोचल्यावर तो अधिक टोचतो.

उन्याला जैन वाचकाने थांबल्यावाचून पुढे जाऊ नये. अकबर बादशहाला 1583 मध्ये फतेहपूर सिक्रीस भेटून जीवदयेचा उपदेश करणारे, पर्युषणात प्राणिवध थांबवण्याची फर्माने ज्यांच्यामुळे निघाली ते जगद्गुरू आचार्य हीरविजयसूरी विक्रम संवत 1652 मध्ये याच उन्यात कालधर्म पावले. त्यांचे स्मारक गावाबाहेर आंबराईत आहे. आजोबांनी तेथे पादुकांसमोर बराच वेळ हात जोडले. ज्या गावात अहिंसेचा एवढा मोठा उपदेशक विसावला, त्या गावापासून पंधरा किलोमीटरवरच्या बंदरात त्याच शतकात आफ्रिकेहून हस्तिदंत उतरत होते. ही दोन चित्रे एकाच नकाशावर शेजारी ठेवून पाहण्याची आपल्याला सवय नाही.

अजाहरा उन्यापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. अजाहरा पार्श्वनाथांची मूर्ती समुद्रातून एका सागरी व्यापाऱ्याला लाभली आणि तिच्या स्नात्रजलाने अजयपाळ राजाची व्याधी दूर झाली, अशी परंपरागत कथा आहे. कथेतही पुन्हा समुद्र आणि व्यापारी. या किनाऱ्यावरचा आपला धर्म जहाजांपासून वेगळा काढताच येत नाही. धर्मशाळेत खोली घेऊन, सामान ठेवून, भोजनशाळेत जेवून दोघे बारा वाजता दीवकडे निघाले.

देलवाडा मागे पडले की रस्त्याच्या कडेला हवा बदलते. मोटारसायकलींची संख्या अचानक वाढते. त्यांवरील तरुण दीवकडे कशासाठी जातात हे सर्वांना ठाऊक असते. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, दीवमध्ये नाही. नाक्यावर जाणाऱ्यांना कोणी फारसे विचारत नाही. परत येणाऱ्यांच्या पिशव्या मात्र उघडून पाहतात. कोणे एके काळी जगातील व्यापारी ज्या बेटाकडे डोळे लावून बसत, त्याची आजची ओळख शेजारच्या राज्यात बाटलीपुरती उरावी, याचा खेद दीवच्या जुन्या रहिवाशांनाही आहे. नाक्यावरील पोलिसाने हेल्मेटमधील आजोबांकडे पाहिले, नातीकडे पाहिले, हसून हात केला. आजोबांना ती सरहद्द एवढ्या सहज सरल्याबद्दल थोडी निराशाच वाटली.

घोघला हे दीवचे मुख्य भूमीवरील गाव. तेथून पुलावर गाडी चढली आणि समोर शहर दिसले. उजवीकडे मासेमारी नौकांची गर्दी, डावीकडे पाण्यातच उभा असलेला जहाजाच्या आकाराचा पाणीकोठा, त्याच्या मागे पिवळट दगडी किल्ल्याची लांबच लांब भिंत. पुलाच्या मध्यावर नातीने वेग कमी केला. समुद्राचा वारा गाडी एका बाजूस ढकलत होता आणि आजोबा या वेळी सूचनेप्रमाणे तिच्याबरोबर झुकले होते.

दीवचा इतिहास मुंबईकरांनाही परका नाही. गुजरातचा सुलतान बहादुरशाह हुमायुनाच्या स्वारीने अडचणीत आला आणि पोर्तुगीजांची मदत मिळावी म्हणून त्याने डिसेंबर 1534 च्या तहाने त्यांना वसई दिली. त्या वसईबरोबरच मुंबईची सात बेटेही गेली. पुढच्याच वर्षी, 1535 मध्ये, त्याने दीवमध्ये किल्ला बांधण्याची परवानगी दिली. दोन्ही बेटांवरचे शहर एकाच अगतिक सुलतानाच्या सहीने पोर्तुगीजांकडे गेले. बहादुरशाहाला पश्चात्ताप झाला, परंतु फेब्रुवारी 1537 मध्ये दीवजवळच समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला. मुंबई पुढे आंदण म्हणून इंग्रजांकडे गेली आणि समुद्रात भराव घालीत महानगर झाली. दीव पोर्तुगीजांकडेच राहिले आणि लहानच राहिले. 2011 च्या जनगणनेत संपूर्ण दीव जिल्ह्याची लोकसंख्या 52,074 होती.

किल्ला पाहण्यास दोन तास हवेत. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करणारा खंदक. तटावर तोफा अजून समुद्राकडे तोंड करून आहेत. 1538 आणि 1546 असे दोन मोठे वेढे या किल्ल्याने सोसले. दुसऱ्या वेढ्यानंतर गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याच्याकडे किल्ल्याच्या डागडुजीसाठी पैसा उरला नाही. त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले, अशी प्रसिद्ध हकिकत आहे. कर्ज मंजूर झाले. आजच्या कोणत्याही पतपेढीत असे तारण चालणार नाही, हे सांगायला नकोच. पण पत म्हणजे काय, हे त्या काळच्या सावकारांना कळत होते असे म्हणावे लागते.

तटावरून खाली पाहताना आजोबांनी विचारले, “जहाजे कुठे लागत असतील?”

नात म्हणाली, “इथेच. जकातघर इथेच होते. पोर्तुगीजांचा परवाना असल्याशिवाय या समुद्रात जहाज चालवता येत नसे. परवाना घ्यायचा, दीवला यायचे, जकात भरायची, मग पुढे जायचे.” आजोबांनी मान हलवली. परवान्याचा त्रास कोणत्याही पेढीवाल्याला समजावून सांगावा लागत नाही.

नातीने येण्यापूर्वी बरेच वाचले होते. सन 1686 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने दीवच्या वाण्यांच्या एका कंपनीला दीव आणि मोझंबीक बेट यांच्यामधील व्यापाराचा मक्ता दिला. मोझंबीक हेही एक बेटावरचे शहर. गुजरातमधील सुती कापड, विशेषतः जंबुसर भागात विणलेले, दीवच्या बंदरातून तिकडे जाई. आग्नेय आफ्रिकेत हे कापड नाण्यासारखे चाले. त्याच्या मोबदल्यात आतील मुलखातून हस्तिदंत येई. तो हस्तिदंत परत दीवला आणि तेथून सौराष्ट्र, कच्छ, गुजरातच्या बाजारात. त्याचा सर्वात मोठा खप कोठे होता? नवरीच्या हातात. हस्तिदंती चुड्यावाचून लग्न लागले असे मानले जात नसे.

हे सारे तिने किल्ल्याच्या तटावर बसून, उकळलेल्या पाण्याचा घोट घेत घेत सांगितले. पुढची गोष्ट सांगताना ती थोडी अडखळली. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात आफ्रिकेच्या त्याच किनाऱ्यावरून माणसांचाही व्यापार वाढला. गुलाम विकत घेण्यासाठी जे कापड लागे, तेही बव्हंशी गुजरातेतून जात होते आणि ते पुरवणारे दीव-दमणचे वाणी होते. त्यांत हिंदू होते, तसेच जैनही होते. काही गुलाम दीवलाही आणले गेले.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपल्या मोझंबीकवाल्या शेठांनी हेच केले असेल, असे तुला म्हणायचे आहे का?”

“मला ठाऊक नाही, आजोबा. कागद नाहीत. ते कापडवालेच असतील, कारकून असतील, जहाजावरचे मुनीम असतील. पण चुडा आहे.”

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वजांची बाजू घेण्याची इच्छा प्रत्येकाला होते आणि ती वाईट नाही. त्या काळाची रीत वेगळी होती, सगळेच तसे करीत, असे सांगून आपण सुटतो. परंतु जैन गृहस्थाला ही वाट तितकी मोकळी नाही. सातव्या भोगोपभोग परिमाण व्रताच्या अतिचारांत श्रावकाला जे पंधरा व्यवसाय, पंधरा कर्मादाने, वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत दंतवाणिज्य स्पष्टपणे नाव घेऊन सांगितले आहे. दंत म्हणजे हत्तीचे दात आणि अशीच इतर प्राण्यांची अंगे. त्याच यादीत केशवाणिज्य आहे. त्याचा अर्थ करताना हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात द्विपाद आणि चतुष्पाद यांची, म्हणजे माणसांची व जनावरांची विक्री असे म्हटले आहे. हेमचंद्राचार्य बाराव्या शतकातले, गुजरातचेच. म्हणजे दीवच्या वाण्याला हे माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. वंदित्तु सूत्रात तो हे शब्द रोज संध्याकाळी उच्चारत होता. सकाळी जकातघरात दात मोजून घेत असेल आणि संध्याकाळी त्याच दातांबद्दल मिच्छामि दुक्कडम् म्हणत असेल.

किल्ल्यातून निघून दोघे जुन्या शहरात शिरले. दीवच्या गल्ल्या अरुंद आहेत, मोटारसायकलीला योग्य. मोटारगाडी येथे अडचणच. शहराच्या तटाला असलेला झांपा दरवाजा लाल रंगवलेला असून त्यावर सिंह, देवदूत आणि एका पाद्र्याची आकृती कोरलेली आहे. आत सेंट पॉलचे चर्च, बाहेरून पांढरेशुभ्र, आत काळसर लाकडाचे भव्य कोरीवकाम. सेंट थॉमसच्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. पण आजोबांचे मन या इमारतींत रमले नाही. त्यांना वाण्यांची घरे पाहायची होती.

ती अजून आहेत. नगरशेठची हवेली लोक बोट दाखवून दाखवतात. बाहेरून पोर्तुगीज धाटणीच्या खिडक्या आणि रंगीत गिलावा, आतून सौराष्ट्री चौक आणि कोरीव लाकडी खांब. काही घरे नीट राखलेली, काहींचे छप्पर खचलेले, दाराला कुलूप. मालक मुंबईत, लिस्बनमध्ये, लंडनमध्ये. दीवच्या अनेक कुटुंबांकडे पोर्तुगालचे पारपत्र आहे आणि त्याच्या आधारे ती इंग्लंडपर्यंत गेली. आफ्रिकेला जाणारी जहाजे थांबली, तरी बेट सोडून जाण्याची येथील सवय थांबली नाही.

एका बंद घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. आजोबांनी गुजरातीत विचारपूस केली. बाईंचे वडील पोर्तुगीज काळात दुकान चालवत. 1958-59 च्या सुमारास जुनी रुपया पद्धत जाऊन एस्कुदो हे पोर्तुगीज चलन आले तेव्हा एका रुपयाला सहा एस्कुदो असा हिशेब होता, हे त्यांना अजून तोंडपाठ होते. “हिशोब करतां करतां बापुजीना वाळ धोळा थई गया,” त्या हसून म्हणाल्या. हिशोब करता करता वडिलांचे केस पांढरे झाले. 1961 च्या डिसेंबरात विमानांचे आवाज ऐकून त्यांच्या आईने सर्व मुलांना पलंगाखाली घातले होते. 19 डिसेंबरला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यानंतर दीव गोवा-दमणबरोबर केंद्रशासित झाले. 1987 मध्ये गोवा राज्य झाल्यावर दमणबरोबर वेगळे राहिले. 2020 मध्ये दादरा-नगरहवेलीही त्यात मिळाली. परंतु उच्च न्यायालय आजही मुंबईचेच. दीवच्या माणसाला वरच्या न्यायालयात दाद मागायची तर अहमदाबाद नव्हे, मुंबई गाठावी लागते. बहादुरशाहाच्या तहाने जोडलेला धागा अशा रीतीने अजून टिकून आहे.

निघताना आजोबांनी त्या बाईंना मोझंबीकविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “अमारे त्यां तो बधा जता.” आमच्याकडे तर सगळेच जात. मग एवढ्यावर न थांबता त्यांनी समोरच्या घराकडे पाहून आवाज खाली आणला आणि सांगितले, की त्या घरात पूर्वी एक सिद्दी कुटुंब कामाला होते, तीन पिढ्या. त्यांना कधी कोणी विचारले नाही, तुम्ही कुठले.

दीवच्या देरासरात नवलखा पार्श्वनाथ विराजमान आहेत. नऊ लाखांच्या अलंकारावरून हे नाव पडले असे सांगतात. मूर्ती सुंदर आहे, वातावरण शांत आहे; आज बेटावर जैन वस्ती फार उरलेली नसल्याने दुपारी तेथे पुजाऱ्याखेरीज कोणी नव्हते. एके काळी येथे पूजेला रांग लागत असली पाहिजे. नऊ लाखांचा अलंकार चढवण्याइतका पैसा या बंदरात कोणत्या मार्गाने आला, हा विचार देरासरात करू नये असे आजोबांना वाटले आणि तरीही तो आला. त्यांनी चैत्यवंदन केले. नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला. नात बाहेर पायरीवर बसून राहिली. घाई करून तिने त्यांना बोलावले नाही, जरी सूर्य उतरू लागला होता.

नागोव्याचा किनारा पाहायचा राहिला असता, पण ताडच्या नाक्यावरून परतायचे ठरल्याने वाटेवरच लागला. येथे होका नावाची ताडाची जात आहे, जिच्या खोडाला फांद्या फुटतात. ही झाडे पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणली असे दीवचे लोक मानतात. नातीने एका झाडाखाली गाडी उभी केली. बेटाच्या दक्षिण कडेला, समुद्राकडे तोंड करून, आय. एन. एस. खुकरी या युद्धनौकेचे स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्याने ती दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतः नौका सोडली नाही. स्मारकासमोर येणाऱ्या बहुतेकांच्या हातांत मोबाईल असतात. तेथे क्षणभर स्तब्ध उभे राहिले तर बिघडत नाही.

पाच वाजले होते. आजोबांनी आठवण करून दिली. नातीने पुढचा वेळ वाया घालवला नाही. ताडचा नाका, तेथून उन्याचा रस्ता, मग अजाहरा. नाक्यावर या वेळी पिशवी उघडून पाहण्यात आली. आत पाण्याची बाटली, खाखऱ्याचे पाकीट आणि पूजेची वाटी. शिपायाने वाटी उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली. सूर्यास्तापूर्वी पंचवीस मिनिटे दोघे भोजनशाळेत पानावर बसले होते.

त्या रात्री उपाश्रयात दैवसिक प्रतिक्रमण झाले. यात्रेकरू सात-आठच होते. वंदित्तु सूत्र म्हणायला आजोबांनाच सांगितले गेले, कारण आवाज खणखणीत आणि पाठ शुद्ध. पन्नास वर्षांहून अधिक काळ ते हे सूत्र म्हणत आले आहेत. कर्मादानांच्या गाथेपाशी येऊन ते थांबले. पाठ विसरले असे समजून शेजारच्या गृहस्थांनी हळूच पुढचा शब्द सुचवला. आजोबांनी मान हलवली, शब्द ठाऊक होता. मग त्यांनी ती गाथा पुन्हा पहिल्यापासून, सावकाश म्हटली आणि पुढे गेले.

नंतर अंगणात नात त्यांची वाट पाहत होती. थंडी पडू लागली होती. आजोबांनी शाल घट्ट ओढून घेतली आणि म्हणाले, “तुझ्या आजीलाही हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर तिने तुला सांगितले नसते.”

“मलाही तसेच वाटते,” नात म्हणाली.

“वस्तू जपली म्हणून तिचे पाप आपल्याला लागते का, ते मी महाराजसाहेबांना विचारीन. पण ती पुढे द्यायची नाही, हे मला आज कळले.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “असा चुडा घरात ठेवायला कायदा आहे ना काही?”

होता. वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी देशात हस्तिदंताचा व्यापार बंद केला. जुन्या वस्तू बाळगणाऱ्यांनीही त्यांची नोंद करणे अपेक्षित आहे. त्यांच्या घरात तशी नोंद कोणी केलेली नव्हती. कोणाच्या मनातच आले नव्हते. नातीने तेथेच, धर्मशाळेच्या ओट्यावरील दिव्याखाली, पुण्याच्या वनखात्याला पाठवायच्या पत्राचा मसुदा मोबाईलवर लिहिला. वस्तूचे वर्णन, आठ बांगड्या, पिढीजात, मूळ बहुधा आफ्रिकेचे. ‘मूळ’ या रकान्यात काय लिहावे यावर दोघांचा थोडा वाद झाला. नातीने ‘वडिलोपार्जित’ एवढेच लिहिले होते. आजोबांनी ते खोडायला लावले आणि सांगितले, “मोझंबीक, दीव बंदरमार्गे, असे लिही.”

सकाळी नवकारशीनंतर गाडी वेरावळकडे निघाली. कोडिनार आले तेव्हा आजोबांनी पुन्हा खांद्यावर दोनदा थोपटले. नातीने गाडी थांबवली नाही, फक्त वेग कमी केला. “लग्नात हातात काय घालणार आहेस?” त्यांनी वाऱ्यातून मोठ्याने विचारले.

“काचेच्या बांगड्या, आजोबा,” ती ओरडून म्हणाली. “हिरव्या. पुण्याच्या.”